एकच नंबर, घरातले सगळे फोन: धंद्याचा एकही कॉल सुटू नये म्हणून काय काय सेटिंग करायचं

आमच्या घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा आहे, सोलापुरात अशी घरं भरपूर आहेत त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अडचण हीच असणार. पाकिटावर एक नंबर छापलेला, तोच गिऱ्हाईकाकडं, तोच दुकानदाराकडं, तोच पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडं. आणि तो फोन असतो आईकडं, जिचे दोन्ही हात सकाळी सहापासून दुपारपर्यंत पिठात. मी पुण्याला नोकरीला, भाऊ गाडीवर डिलिव्हरीला. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. गेल्या वर्षीच्या भोगीच्या आधी कलबुर्गीच्या एका दुकानदारानं बाजरीच्या भाकरीसाठी सकाळपासून पाच वेळा फोन केला, सहाव्यांदा आईनं उचलला तर तो म्हणाला, "ओ ताई, किती वेळ झालं फोन करालोय, उचलंना की कोण, मी दुसरीकडनं घेतलो." आई त्या दिवशी जेवली नाही नीट. त्यानंतर मी हे सगळं बसून शिकले, चुकत चुकत, दोन महिने गेले त्यात. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते म्हणजे तुम्ही माझ्यासारखे चुकीच्या दाराशी उभे राहणार नाही. इंटरनेटवर "एक नंबर सगळ्या डिव्हाइसवर" असं शोधलं की गूगल व्हॉइस येतं. २००९ मध्ये सुरू झालेली ती सेवा आहे, एक नंबर घ्यायचा, तो सगळ्या फोनवर वाजतो, कुणी व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर आवाजातला निरोप, ठेवला तर त्याचं टायपिंग होऊन येतं. छानच आहे, पण वैयक्तिक खात्यासाठी ती अमेरिकेत चालते, तिथला फोन नंबर असल्याशिवाय सुरूच होत नाही. आपला +९१ वाला नंबर त्यात बसत नाही. कुणी पैसे घेऊन "सुरू करून देतो" म्हणालं तर देऊ नका. आणि व्हॉइसमेल आपल्याकडं कधी रुजलंच नाही, आपल्याकडं मिस्ड कॉल रुजला. त्यामुळं एका ॲपमध्ये सगळं असं काही मिळणार नाही, तीन-चार गोष्टी एकावर एक बसवाव्या लागतात. पण बसल्या की काम होतं, पैसेही जवळपास लागत नाहीत.

काय काय जवळ घेऊन बसायचं

- धंद्याचा नंबर ज्यात आहे तो फोन, शक्यतो अँड्रॉइड, चार्ज केलेला
- सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांचं आधार, आणि ते माणूस स्वतः
- दुसरे दोन नंबर ज्यांच्यावर कॉल जायला हवेत (आमच्यात भावाचा आणि माझा)
- चालू रिचार्ज, अनलिमिटेड कॉलिंगचा
- एक लॅपटॉप असेल तर
- एक वही. खरंच लागते, शेवटी सांगते

१. नंबर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

ही पायरी सगळे सोडतात. आमचा नंबर बाबांच्या नावावर होता. बाबा जाऊन वर्षं झाली, सिम चालू होतं, रिचार्ज होत होता, म्हणून कुणी लक्षच दिलं नाही. मग सिम खराब झालं आणि दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा. आईचा चेहरा अजून आठवतो मला त्या काउंटरवरचा. पाकिटावर छापलेला नंबर म्हणजे तुमची पाटी आहे, ती दुसऱ्याच्या नावावर ठेवू नका.

दूरसंचार विभागाचं संचार साथी नावाचं पोर्टल आहे, मे २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात मोबाईल नंबर टाकून ओटीपी दिला की तुमच्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ चालतात. त्यात तुमचा धंद्याचा नंबर दिसला नाही तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे. आणि एखादा नंबर ओळखीचा नसेल तर तिथंच तो माझा नाही म्हणून कळवता येतं, ते पण करून टाका.

नाव बदलायला कंपनीच्या मोठ्या स्टोअरमध्येच जा, कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात ते होत नाही. आमच्याकडं मृत्यूचा दाखला, आईचं आधार, नात्याचा पुरावा आणि आम्हा दोघा भावंडांची हरकत नाही अशी सही मागितली. दोन चकरा झाल्या. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

इथं एक सापळा आहे: त्याच नंबरचं सिम बदलून नवीन घेतलं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, येणारे पण आणि जाणारे पण, फसवणूक थांबावी म्हणून हा नियम आहे. म्हणजे त्या दिवशी बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा ओटीपी येणार नाही. आम्हाला माहीत नव्हतं, रात्रभर सिम बिघडलंय म्हणून घाबरलो होतो. सिम बदलायचं असेल तर सणाच्या आठवड्यात बदलू नका. आणि सिम बदलल्या बदल्या दुसऱ्या कंपनीत पोर्ट पण करता येत नाही, १ जुलै २०२४ पासून ७ दिवस थांबावं लागतं.

२. कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे या सगळ्याचा पाया

कॉल फॉरवर्डिंग फोनमध्ये होत नाही, कंपनीच्या नेटवर्कमध्ये होतं. फोन फक्त नेटवर्कला सांगतो की असं असं झालं तर कॉल तिकडं पाठव. म्हणूनच आईचा फोन बंद पडला, बॅटरी संपली, पाण्यात पडला तरी कॉल पुढं जातो. हे कळलं की बाकीचं सोपं आहे.

चार प्रकार असतात:

- नेहमी फॉरवर्ड: मूळ फोन वाजतच नाही, सगळे कॉल सरळ दुसरीकडं
- बिझी असताना
- उचलला नाही तर
- लागत नसेल तर, म्हणजे स्विच ऑफ किंवा रेंज नाही

पहिला प्रकार आपल्याला नको. खालच्या तिन्हींमध्ये वेगवेगळे नंबर टाकता येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमचं असं आहे: बिझी आणि उचलला नाही हे दोन्ही भावाकडं, आणि लागत नसेल तर माझ्याकडं, कारण आमच्या भागात लाईट जाऊन रेंज गेली की भावाची पण जाते, मी पुण्यात असल्यामुळं माझी चालू असते.

करायचं कुठं: अँड्रॉइडमध्ये कॉल करायचं जे ॲप आहे ते उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, त्यात कॉलिंग अकाउंट्स किंवा सप्लिमेंटरी सर्व्हिसेस किंवा नुसतं मोअर सेटिंग्ज, फोनच्या कंपनीप्रमाणं नाव बदलतं, त्यात कॉल फॉरवर्डिंग. दोन सिम असतील तर आधी बरोबर सिम निवडा. व्हॉइस कॉल निवडा, व्हिडिओ नाही. नंबर +९१ लावून टाका. थोडा वेळ गोल गोल फिरेल कारण नेटवर्कला विचारतंय, घाई करून मागं जाऊ नका.

आयफोनवाल्यांसाठी: आयफोनच्या सेटिंगमध्ये बऱ्याचदा फक्त "नेहमी फॉरवर्ड"च मिळतं, बाकीचे तीन नाहीत. त्याला उपाय सोपा आहे, सिम थोडा वेळ घरातल्या कुणाच्या अँड्रॉइडमध्ये टाका, तिथून तिन्ही सेट करा, परत आयफोनमध्ये घाला. सेटिंग नेटवर्कमध्ये राहतं म्हणून ते टिकतं.

सेटिंग करताना एरर येत असेल तर स्टार-हॅशचे कोड शोधत बसू नका. पूर्वी *४०१ वगैरे कोड मारून फॉरवर्डिंग व्हायचं, पण त्यावरून फसवणूक इतकी वाढली की दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कोडवाली फॉरवर्डिंग थांबवायला सांगितली. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून फॉरवर्डिंग चालू करून द्या म्हणून सांगा, तक्रार असेल तर १९८.

आता यातले सापळे, आणि हे नीट वाचा कारण आम्ही सगळ्यात पडलोय.

कॉल वेटिंग चालू असेल तर "बिझी"वालं फॉरवर्डिंग चालतच नाही, कारण नेटवर्कच्या हिशोबानं तुम्ही बिझी नाहीच, दुसरा कॉल टूं टूं करत थांबलेला आहे. मग तो "उचलला नाही" मधून जातो, उशिरा. आम्ही आईच्या फोनवर कॉल वेटिंग बंदच केलं.

पण याच्यातूनच एक फार उपयोगाची गोष्ट सापडली. कॉल वाजत असताना लाल बटण दाबलं, म्हणजे कट केला, की नेटवर्क त्याला बिझी समजतं आणि कॉल लगेच भावाकडं जातो. आईला मी एवढंच शिकवलं. तिचा फोन चुलीपासून लांब, खिडकीत, दुधाच्या पिशवीसारख्या एका पारदर्शक पिशवीत घालून ठेवलेला असतो, नाहीतर स्पीकरच्या बारीक भोकांत पीठ जाऊन बसतं आणि आवाज चिरका येतो. फोन वाजला की ती कोपरानं नाहीतर करंगळीच्या मागच्या बाजूनं पिशवीवरनंच लाल बटण सरकवते आणि पुढची भाकरी थापायला घेते. तिकडं भाऊ उचलतो. गिऱ्हाईकाला कळत पण नाही की मध्ये काय झालं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा आई जे हसली त्यासाठीच हा सगळा खटाटोप होता असं वाटलं मला.

दुसरा सापळा, गोल फिरणं. भावाच्या फोनचं फॉरवर्डिंग परत आईच्या नंबरवर ठेवलं तर कॉल फिरत राहतो आणि कट होतो. साखळी एकाच दिशेनं ठेवा. आई, मग भाऊ, मग मी, आणि माझ्यापाशी संपली. माझ्या नंबरवर कुठलंही फॉरवर्डिंग नाही.

तिसरा, दोन सिमवाल्या फोनचा. साध्या ड्युअल सिम फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसऱ्या सिमचा कॉल लागत नाही, समोरच्याला स्विच ऑफ किंवा आऊट ऑफ रेंज ऐकू येतं. म्हणजे घरच्या नंबरवर मावशीशी बोलताय आणि धंद्याचा नंबर बंद! म्हणून "लागत नसेल तर" हा प्रकार सोडूच नका, सगळ्यात जास्त कॉल आमचे तिथंच वाचतात.

चौथा, एसएमएस फॉरवर्ड होत नाहीत. फक्त कॉल जातात. ओटीपी मूळ फोनवरच येणार, आणि ते बरंच आहे.

पाचवा, पैसे. फॉरवर्ड झालेला कॉल तुमच्या नंबरवरून आऊटगोइंग धरला जातो. अनलिमिटेड प्लॅन असेल तर तोशीस नाही. पण रिचार्ज संपला की आऊटगोइंग बंद, मग फॉरवर्डिंगही बंद, आणि इनकमिंग मात्र काही दिवस चालूच असतं त्यामुळं आपल्याला पत्ताच लागत नाही. गिऱ्हाईक फोन करतोय, कट केला की तिकडं जाण्याऐवजी हवेत जातोय. रिचार्जची तारीख तिघांच्याही फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

३. हा कोड मारा असं कुणी सांगितलं तर

यासाठी वेगळा मुद्दा केला कारण हे फार महत्त्वाचं आहे. पार्सल आलंय, पत्ता चुकलाय, हा नंबर डायल करा, असा फोन येतो. तो नंबर स्टारनं सुरू होतो आणि त्यात एक दहा आकडी मोबाईल नंबर असतो. डायल केला की तुमचे कॉल त्या माणसाकडं वळवायचा तो डाव असतो, आणि मग तो व्हॉट्सॲपचा ओटीपी "कॉल करून सांगा" असा मागवतो. आमच्यासारखे कुरिअरवर चालणारे धंदे यात पटकन सापडतात कारण आपण खरंच पार्सलची वाट बघत असतो. आईला मी पक्कं सांगितलंय, स्टार दिसला की फोन ठेवायचा.

शंका आली तर *#२१# डायल करून बघा, "नेहमी फॉरवर्ड" चालू आहे का ते बऱ्याच नेटवर्कवर दिसतं. ##००२# नं सगळं फॉरवर्डिंग बंद होतं, पण मग तुमचं स्वतःचं सेटिंगही जातं, ते परत करावं लागेल. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन.

४. व्हॉट्सॲप बिझनेस, त्याच नंबरवर

आमच्या अर्ध्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात. साधं व्हॉट्सॲप असेल तर बिझनेस ॲपवर जा, फुकट आहे. एकच नंबर एका वेळी दोन्ही ॲपवर चालत नाही, म्हणून आधी जुन्या ॲपमध्ये चॅट बॅकअप घ्या, मग बिझनेस ॲप टाकून तोच नंबर द्या. आईचं घरगुती व्हॉट्सॲप आम्ही तिच्या दुसऱ्या सिमवर नेलं, नाहीतर भजनी मंडळाच्या ग्रुपात ऑर्डरी हरवायच्या.

लँडलाइन असेल तरी चालतं बरं का. सोलापूरच्या नवी पेठेतल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजून ०२१७ वाले नंबर आहेत, ते नंबरसुद्धा बिझनेस ॲपला लावता येतात, एसएमएसच्या ऐवजी "कॉल करा" निवडायचं, फोनवर कोड ऐकू येतो.

मग लिंक्ड डिव्हायसेस. मुख्य फोनवर तीन ठिपके, लिंक्ड डिव्हायसेस, आणि दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर जो क्यूआर येतो तो स्कॅन. चारपर्यंत डिव्हाइस जोडता येतात, दुसरा फोन पण चालतो. मी पुण्यात लॅपटॉपवर ऑर्डरी बघते, भाऊ त्याच्या फोनवर. लॅपटॉपच्या ॲपवरून व्हॉट्सॲप कॉल पण घेता येतो.

मुख्य फोन मात्र सांभाळा, तो फार दिवस बंद राहिला तर बाकीचे आपोआप लॉगआउट होतात. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं असा आदेश काढला की हे असे ॲप चालू सिमशी बांधलेले असावेत आणि वेबवरचं लॉगिन ठराविक तासांनी सुटावं. म्हणून सिम दुसऱ्या फोनमध्ये काढून ठेवून व्हॉट्सॲप इकडं, हा प्रकार करू नका. मुख्य फोन, सिम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकाच जागी, आणि तिथं स्कॅन करून देणारं कुणीतरी शिकलेलं असावं. आमच्याकडं शेजारच्या पद्मशाली काकूंची मुलगी ते करते, नववीत आहे.

व्हॉट्सॲपच्या टू स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या फोनवर तुमचं खातं उघडताना मागितला जाणारा, सहा आकडी पिन आजच लावा. उद्या नको.

५. व्हॉइसमेलचं काम कशानं होतं

आपल्याकडची माणसं "बीप नंतर संदेश ठेवा" ऐकलं की फोन ठेवतात. पण तीच माणसं व्हॉट्सॲपवर दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज आनंदानं पाठवतात. मग व्हॉइसमेल तिथंच घ्यायचा.

बिझनेस ॲपमध्ये बिझनेस टूल्समध्ये दोन गोष्टी आहेत. ग्रीटिंग मेसेज, जो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला किंवा १४ दिवस बोलणं नसलेल्याला जातो. आणि अवे मेसेज, जो तुम्ही ठरवलेल्या वेळेत जातो. आम्ही सकाळी सहा ते एक आणि रात्री नऊनंतर लावलाय. मजकूर असा:

"नमस्कार, आत्ता भाकरी थापायचं काम चालू आहे. काय पाहिजे, किती पाहिजे आणि कुठं पाठवायचं हे इथं बोलून पाठवा, मराठी, कन्नड, तेलुगू कशातही चालेल. दुपारी दोनला फोन करतो."

ती भाषेची ओळ टाकल्यापासून फरक पडला. अक्कलकोट, इंडी, विजयपूरकडची माणसं कन्नडमध्ये मोकळं बोलतात, शहराच्या पूर्व भागातल्या आज्या तेलुगूत. टाईप करायला लावलं असतं तर यातल्या कुणी ऑर्डर दिलीच नसती. तेलुगूतले मेसेज पद्मशाली काकू ऐकतात, कन्नड आईला येतं.

वेळ जी लिहाल ती पाळा. दोन म्हणजे दोन.

६. लॅपटॉपवर साधे कॉल आणि एसएमएस

विंडोज लॅपटॉपवर फोन लिंक नावाचं ॲप असतं, त्यातून फोनवरचे कॉल लॅपटॉपवर घेता येतात. पण कॉलसाठी ते ब्लूटूथवर चालतं, म्हणजे फोन त्याच खोलीत पाहिजे. मला वाटलं होतं पुण्यात बसून सोलापूरचा फोन उचलता येईल, तसं होत नाही. आयफोन आणि मॅकचंही तसंच, एकच ॲपल खातं आणि साधारण एकाच वायफायवर. दुकानात काउंटरवर बसून हिशोब करणाऱ्याला हे उपयोगी, गावाबाहेर असलेल्याला नाही. त्याला फॉरवर्डिंगच.

एसएमएस मात्र लांबून दिसतात, गूगल मेसेजेसच्या वेबवर क्यूआर स्कॅन करून. त्यात बँकेचे ओटीपी पण दिसतात, म्हणून फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर कधीच नाही.

पाच-सहा माणसं फोन घेणारी असतील, "मराठीसाठी एक दाबा" असं पाहिजे असेल तर क्लाउड टेलिफोनीवाल्या, म्हणजे इंटरनेटवरून कॉल वाटून देणाऱ्या, कंपन्या आहेत, महिन्याचे पैसे घेतात, रेकॉर्डिंग पण देतात. चादरीच्या कारखान्यांना परवडेल. घरगुती धंद्याला गरज नाही.

७. सगळं झाल्यावर तपासून बघा

तिसऱ्याच कुणाचा तरी फोन घ्या आणि धंद्याच्या नंबरवर चार वेळा कॉल करा. एकदा वाजू द्या, उचलू नका. एकदा कट करा. एकदा मूळ फोनवर दुसऱ्याशी बोलत असताना. एकदा मूळ फोन स्विच ऑफ करून. चारही वेळेला कुठं वाजला ते लिहून ठेवा. "उचलला नाही" मध्ये फार उशीर होत असेल तर काही फोनमध्ये किती सेकंदांनी ते निवडता येतं, ५ ते ३० पर्यंत, आम्ही १५ ठेवलंय.

फोन अपडेट झाला, सिम बदललं, कंपनी बदलली, की हे चार कॉल परत. गड्ड्याच्या जत्रेच्या आधी आम्ही दरवर्षी करणार आहोत, कारण संक्रांत, भोगी आणि सिद्धेश्वरांची यात्रा सगळं एकत्र येतं आणि फोनला उसंत नसते.

८. वही

तीन माणसं एकच नंबर चालवायला लागली की नवीन गोंधळ सुरू होतो, एकाच गिऱ्हाईकाला तिघं फोन करतात नाहीतर कुणीच करत नाही. म्हणून वही. आमची लाल कापडी पाठीची आहे, खिडकीतच फोनशेजारी दोरीला बांधलेली पेन. रकाने चारच: वेळ, नाव, काय पाहिजे, कुणी उत्तर दिलं. भाऊ आणि मी घेतलेले कॉल आम्ही व्हॉट्सॲपवर लेबल लावून टाकतो, "नवीन ऑर्डर", "पैसे यायचेत", आणि दुपारी दोन वाजता आई हात धुवून पिशवीतून फोन बाहेर काढते, चष्मा लावते आणि एकेक लेबल बघून वहीत उतरवते. शेवटचा रकाना रिकामा दिसला की तिथूनच त्या माणसाला फोन लावते. कलबुर्गीच्या त्या दुकानदाराला पण तिनंच लावला होता, वही सुरू केली त्या पहिल्याच दिवशी. यंदा भोगीला तो दोनशे भाकरी घेऊन गेला.